नवीन प्रकारची गाडी चालकाच्या हाती देताना प्रशिक्षणाची जबाबदारी कोणाची?

मैलाचा_दगड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी एका वाहतूक कंपनीच्या वाहन विभागाचे काम पाहतो. आमच्याकडचे हाताने गियर टाकायचे जुने डिझेल ट्रक टप्प्याटप्प्याने बाद होणार असून त्यांच्या जागी ऑटोमॅटिक गियरचे, तर काही मार्गांवर विजेवर चालणारे ट्रक येणार आहेत. चालक मात्र तेच राहणार आहेत. चालकांचा हात या गाड्यांवर बसावा म्हणून किती वेळ राखून ठेवायचा, असे मी व्यवस्थापनाला विचारले. सर्वांकडे अवजड वाहनाचा परवाना आहे, सर्वांचा अनुभव दांडगा आहे आणि ऑटोमॅटिक गाडी तर उलट सोपी असते, त्यामुळे वेगळ्या प्रशिक्षणाची गरज दिसत नाही, असे उत्तर मला मिळाले.

मला हे उत्तर पटलेले नाही. कोणती गाडी विकत घ्यायची हे चालक ठरवत नाही, आणि उद्या सकाळी कोणत्या गाडीवर कोणी जायचे हेही तो ठरवत नाही. ज्याच्या हाती ही निवड आहे, त्यानेच ती गाडी त्या माणसाला नीट चालवता येते की नाही याची खात्री करून घ्यायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही कायद्याने ही जबाबदारी नेमकी कुठपर्यंत येते, व्यवहारात असे प्रशिक्षण कसे द्यावे, आणि एखाद्या चालकाने "ही गाडी मला अजून जमत नाही" असे सांगितले तर त्याचे काय करायचे, हे तीन प्रश्न उरतातच. जाणकारांनी आणि प्रत्यक्ष चाक हाती धरणाऱ्यांनी आपले अनुभव लिहावेत, ही विनंती.

घाटवळण

चांगला विषय काढलात. आयुष्यभर अवजड गाड्या चालवल्यानंतर मी आता नवीन चालकांना तयार करण्याचे काम करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

ऑटोमॅटिक गाडी सोपी असते हे वाक्य अर्धेच खरे आहे. मोकळ्या रस्त्यावर ती सोपी असते, यात शंका नाही. अडचण येते ती अगदी कमी वेगात, म्हणजे गोदामाच्या फलाटाला गाडी मागे लावताना किंवा गर्दीतून इंचाइंचाने पुढे सरकताना. जुन्या गाडीत हे सगळे काम डावा पाय करतो. हाफ क्लचवर गाडी धरून ठेवायची, थोडी सोडायची, पुन्हा दाबायची. उजवा पाय त्या वेळी जवळजवळ स्वस्थ असतो. क्लचच नसलेल्या गाडीत तेच काम उजव्या पायाकडे जाते. डाव्या पायाची सवय मात्र जात नाही. गाडी थांबवायची वेळ आली की तो आपोआप पुढे सरकतो आणि क्लच समजून ब्रेकचे रुंद पेडल क्लचच्याच जोराने खाली दाबतो. गाडी जागच्या जागी गचकन थांबते आणि मागच्या गाडीवाल्याला काही कळण्याच्या आत टक्कर होते. म्हणून पहिल्या दिवशी मी चालकाला डावा पाय सीटच्या खाली मागे ओढून ठेवायला सांगतो आणि बराच वेळ फक्त पुढे-मागे, पुढे-मागे एवढेच करायला लावतो. अनुभवी माणसाला याचा कंटाळा येतो, तरीही मी हा भाग कमी करत नाही.

विजेच्या गाडीत आणखी एक गोष्ट आहे. डिझेल इंजिनाचा आवाज वाढला की पाय किती दाबला गेला आहे हे कानाला समजते. विजेची मोटार शून्य वेगापासूनच पूर्ण जोर देते आणि आवाज जवळजवळ करत नाही. पाय चुकून जास्त दाबला गेला, तर ते चालकाच्या लक्षात येईपर्यंत गाडी बरीच पुढे गेलेली असते.

दुसरीपाळी

मी लहान व्यावसायिक आहे आणि माझ्याकडे मोजक्याच गाड्या आहेत, तेव्हा थोडी दुसरी बाजू मांडतो. मोठ्या कंपनीला प्रशिक्षक नेमणे, गाडी बाजूला काढून ठेवणे, चालकाला कामातून मोकळे करणे परवडते. माझी एक गाडी एक दिवस उभी राहिली तर त्या दिवसाचे काम दुसऱ्याकडे जाते आणि पुढच्या वेळी ते परत येईलच असे नाही. शिवाय ज्याने नवीन प्रकारची गाडी बनवली आणि विकली, त्याने ती शिकवून द्यायला नको का? परवाना सरकारने दिला, गाडी कंपनीने बनवली, आणि जबाबदारी तेवढी मालकाची, हे मला न्यायाचे वाटत नाही.

अवजड

दुसरीपाळी, विक्रेत्याकडून माहिती मिळायला हवी हे मान्य आहे, पण ती कोणाला मिळते याकडे लक्ष द्या. गाडी ताब्यात देताना विक्रेत्याचा माणूस येतो, पडद्यावरच्या खुणा, बटणे आणि सर्व्हिसची वेळ समजावतो, बहुतेक वेळा मालकाला किंवा मॅनेजरला समजावतो आणि निघून जातो. जो बदली चालक महिन्याभराने त्या गाडीवर चढणार असतो, तो त्या दिवशी तिथे नसतोच. गाडीची माहितीपुस्तिका पिशवीतून बाहेर न काढता कपाटात ठेवली जाते.

बदली चालकांचा हा प्रश्न मला सर्वांत गंभीर वाटतो. कायम चालकाला निदान एका गाडीची सवय होते. बदलीवर असलेल्याला आज टिपर, उद्या टँकर, परवा लांब पाट्याची गाडी अशी कोणतीही गाडी मिळते, आणि त्याने नाही म्हटले तर पुढच्या वेळी त्याला बोलावले जात नाही.

न्यायतुला

धागाकर्त्यांच्या पहिल्या प्रश्नाला उत्तर देण्याचा प्रयत्न करते. भारतापुरते बोलायचे तर १९८८च्या मोटार वाहन अधिनियमातील कलम ५ आणि कलम १८० यांचा रोख परवान्यावर आहे. परवाना नसलेल्या व्यक्तीला मालकाने गाडी चालवू दिली, तर मालकही दोषी ठरतो. पण परवाना काय सांगतो? १९९४च्या दुरुस्तीनंतर मध्यम आणि अवजड मालवाहू व प्रवासी गाड्यांचे वेगवेगळे वर्ग जाऊन 'परिवहन वाहन' असा एकच वर्ग उरला. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी असा निर्णय दिला, की हलक्या वाहनाचा परवाना असलेली व्यक्ती ७५०० किलोपेक्षा कमी एकूण वजनाचे परिवहन वाहनही वेगळ्या नोंदीशिवाय चालवू शकते. हा निर्णय परवाना आणि विमा यांच्यापुरता आहे. समोर उभी असलेली विशिष्ट गाडी त्या माणसाला चालवता येते, असे तो सांगत नाही आणि सांगण्याचा त्याचा हेतूही नाही. परवाना आहे म्हणजे प्रशिक्षण झाले, हा व्यवस्थापनाचा युक्तिवाद त्यामुळे टिकत नाही.

कामगार सुरक्षेच्या कायद्यांत मात्र प्रशिक्षणाचे कर्तव्य थेट मालकावर ठेवलेले दिसते. आपल्याकडे नोव्हेंबर २०२५पर्यंत लागू असलेल्या कारखाना अधिनियमात १९८७च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ७अ मध्ये माहिती, सूचना, प्रशिक्षण आणि देखरेख पुरवणे हे कारखान्याच्या भोगवटादाराचे, म्हणजे कारखान्याच्या कारभारावर अंतिम नियंत्रण असलेल्याचे, कर्तव्य म्हणून नमूद होते. ब्रिटनमध्ये १९७४च्या कायद्यातील कलम २ जवळजवळ याच शब्दांत मालकाला बांधते, आणि तिथल्या १९९८च्या कामाच्या साधनांविषयीच्या नियमावलीतील नियम ९ सांगतो, की साधन वापरणाऱ्यालाच नव्हे तर त्याच्यावर देखरेख करणाऱ्यालाही पुरेसे प्रशिक्षण हवे. देखरेख करणाऱ्याचा उल्लेख मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण गाड्यांचे वाटप करणाऱ्या माणसालाच दोन गाड्यांमधला फरक माहीत नसेल, तर तो चुकीच्या माणसाला चुकीची गाडी देणारच.

अपघातानंतरच्या भरपाईचा मुद्दा निराळा आहे. कामाच्या ओघात कर्मचाऱ्याच्या हातून दुसऱ्याचे नुकसान झाले, तर मालकाला त्याची भरपाई द्यावी लागते, हे तत्त्व फार जुने आहे. १८६२ साली लंडनच्या एका घोड्यांच्या ऑम्निबस कंपनीविरुद्धच्या खटल्यात कंपनीने असा बचाव केला होता, की दुसऱ्या ऑम्निबसशी शर्यत लावू नये आणि तिची वाट अडवू नये, अशा सूचनांचे छापील कार्ड आम्ही चालकांना दिले होते. तो बचाव मान्य झाला नाही. "सूचना वाचल्या" असे लिहिलेल्या कागदावर सही घेऊन आपण मोकळे झालो, असे समजणाऱ्या आजच्या कंपन्यांनी हा खटला जरूर वाचावा.

हमरस्ता

न्यायतुला ताई, उत्तम माहिती. एक पुरवणी जोडतो. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिक मोटारीवर परीक्षा दिली तर परवाना फक्त ऑटोमॅटिकपुरता मिळतो, आणि हाताच्या गियरवर परीक्षा दिलेल्याला दोन्ही चालवता येतात. म्हणजे अवघडाकडून सोप्याकडे जाताना काही शिकावे लागत नाही, असे तिथला परवान्याचा नियमही गृहीत धरतो. घाटवळण यांनी डाव्या पायाचे जे वर्णन केले आहे, त्यावरून हे गृहीतक मोठ्या गाड्यांच्या बाबतीत तपासून पाहण्याजोगे आहे.

पुनर्नवा

माणसाच्या सवयी कशा घडतात हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे, म्हणून "अनुभवी आहेत, त्यांना काय शिकवायचे" या वाक्याकडे वळते.

एखादी हालचाल हजारो वेळा केली, की ती विचार न करता होऊ लागते. चालकाचे कौशल्य म्हणतात ते बहुतांशी हेच. नवीन गाडीत बसल्यावर पहिले काही तास माणूस सावध असतो, प्रत्येक गोष्ट विचारपूर्वक करतो, आणि त्यामुळे सगळे सुरळीत चालले आहे असे त्याला आणि त्याच्या वरिष्ठांना वाटते. खरी परीक्षा अचानक समोर कोणी आले, गाडी अनपेक्षितपणे पुढे उसळली किंवा चालक थकलेला असला, की होते. त्या क्षणी विचाराला वेळ नसतो आणि शरीर सर्वांत जुनी, सर्वांत पक्की हालचाल करते. म्हणून एक फेरी नीट मारून दाखवली यावरून हात बसला असे म्हणता येत नाही. जितका अनुभव जुन्या गाडीवर मोठा, तितकी ही जुनी हालचाल पक्की. नवशिक्यापेक्षा अनुभवी माणसाला काही बाबतींत अधिक सराव लागतो, तो याच कारणाने.

पायांच्या गफलतीचा अभ्यास पूर्वीच झाला आहे. १९८०च्या दशकात अमेरिकेत ऑडी ५००० या मोटारी आपोआप वेग घेतात अशा तक्रारी मोठ्या प्रमाणावर आल्या होत्या. तिथल्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा होता, की यातल्या बहुतेक घटनांत चालकाने ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला असावा, आणि पेडलांची रचना त्या चुकीला हातभार लावू शकते. ब्रेक दाबल्याशिवाय गाडी 'पार्क'मधून निघू नये अशी जी सोय आज ऑटोमॅटिक मोटारींत दिसते, ती याच काळात रुजली. चालकाची चूक झाली असे ठरल्यावर चौकशी तिथेच थांबवायची नसते. ती चूक होण्याजोगी परिस्थिती कोणी निर्माण केली, हे पाहायचे असते.

तळटीप

पुनर्नवा, शेवटच्या परिच्छेदाशी शंभर टक्के सहमत.

आकाशवाट

मी विमानांच्या देखभालीच्या क्षेत्रात आहे. आमच्याकडे वैमानिकाला नुसता परवाना पुरत नाही. मोठे विमान चालवायचे तर त्या विशिष्ट प्रकारच्या विमानासाठी वेगळे प्रशिक्षण, वेगळी परीक्षा आणि परवान्यावर वेगळी नोंद लागते. एका प्रकारावर हजारो तास उड्डाण केलेला माणूस दुसऱ्या प्रकारासाठी पुन्हा विद्यार्थी होतो आणि त्यात कोणालाही कमीपणा वाटत नाही.

पण आमच्या क्षेत्रातही ही शिस्त एकदा सैल झाली आणि त्याची किंमत भयंकर मोजावी लागली. बोइंग ७३७ मॅक्स हे जुन्या ७३७चेच पुढचे रूप आहे, त्यामुळे जुन्या वैमानिकांना सिम्युलेटरवरील प्रशिक्षणाची गरज नाही, असे धोरण ठरले आणि त्यांचे प्रशिक्षण टॅबलेटवरच्या एका छोट्या पाठावर भागवले गेले. विमानाचे नाक आपोआप खाली ढकलणारी जी नवी यंत्रणा बसवली होती, तिचा उल्लेख वैमानिकांच्या पुस्तिकेतही नव्हता. २९ ऑक्टोबर २०१८ आणि १० मार्च २०१९ रोजी झालेल्या दोन अपघातांत मिळून ३४६ माणसे गेली. यंत्रणेच्या रचनेतच दोष होता, म्हणून सगळे खापर प्रशिक्षणावर फोडणे योग्य होणार नाही. परंतु नोव्हेंबर २०२०मध्ये विमानाला पुन्हा परवानगी देताना अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने वैमानिकांना सिम्युलेटर प्रशिक्षण सक्तीचे केले. "जुन्यासारखेच आहे, वेगळे शिकवायला नको" हे वाक्य जिथे जिथे ऐकू येते, तिथे मला हा इतिहास आठवतो.

दुसरीपाळी

आकाशवाट, विमानाचे नियम ट्रकला लावले तर माझ्यासारख्याला धंदाच बंद करावा लागेल. सवयीबद्दल पुनर्नवा यांनी जे लिहिले ते मात्र पटले. माझे म्हणणे एवढेच आहे, की सर्व गाड्यांना सारखेच मोठे प्रशिक्षण सांगू नका. कोणत्या बदलाला किती शिकवायचे याचे काही माप हवे.

अवजड

हे माप अमेरिकेच्या फोर्कलिफ्टच्या, म्हणजे गोदामात माल उचलणाऱ्या गाडीच्या, नियमात बऱ्यापैकी सापडते. १९९८च्या डिसेंबरमध्ये जाहीर झालेल्या या नियमानुसार प्रशिक्षण आणि मूल्यमापन दोन्ही मालकाने करायचे असते. तीन वर्षांतून किमान एकदा चालकाची कामगिरी तपासावी लागते. याशिवाय अपघात झाला, थोडक्यात टळला, चालक असुरक्षितपणे चालवताना दिसला, कामाच्या जागेची स्थिती बदलली किंवा त्याला वेगळ्या प्रकारची फोर्कलिफ्ट दिली, की संबंधित भागाचे प्रशिक्षण पुन्हा द्यावे लागते. जे आधीच येते ते पुन्हा शिकवण्याची सक्ती नाही. मोटार आणि फोर्कलिफ्ट यांतला फरक शिकवा, असेही त्यात स्पष्ट लिहिले आहे. फोर्कलिफ्टची मागची चाके वळतात, त्यामुळे वळताना तिचा मागचा भाग बाहेर फेकला जातो. मोटार चालवणाऱ्याच्या हे स्वप्नातही नसते.

हाच विचार रस्त्यावरच्या गाड्यांना लावा. जुन्या आणि नव्या गाडीत फरक काय, एवढेच शोधायचे आणि तेवढेच शिकवायचे. बारा मीटरच्या बसमध्ये चालक पुढच्या चाकांच्याही पुढे बसतो आणि मागच्या चाकांमागे बराच भाग लोंबता असतो. पूर्ण स्टिअरिंग मारून निघाले, की बसची शेपटी उलट बाजूला झुलते आणि शेजारी उभ्या माणसाला लागते. अर्ध्या भरलेल्या टँकरमध्ये द्रव वळणावर एका बाजूला धाव घेतो, त्यामुळे पूर्ण भरलेल्यापेक्षा अर्धा टँकर उलटण्याची भीती जास्त. टिपरचा हौदा वर असताना गाडी पुढे घेतली तर वरच्या तारा आणि पूल दोन्ही धोक्याचे. या प्रत्येक गोष्टीसाठी आठवडे लागत नाहीत, पण कोणीतरी गाडीजवळ उभे राहून दाखवावी मात्र लागते.

निळीशाई

जरा वेगळा मुद्दा आहे, पण विषयाला सोडून नाही. मी कामानिमित्त कार्यालयाची गाडी चालवते आणि आमच्याकडे चालक म्हणून नेमलेले कोणी नाही. जी गाडी मोकळी असेल तिची किल्ली उचलायची आणि निघायचे, अशी पद्धत आहे. पूर्णवेळ चालकांचा विचार निदान कोणीतरी करते. माझ्यासारख्या क्षेत्रभेटीला जाणाऱ्या कर्मचाऱ्यांचा कोणीच करत नाही. सीट, आरसे, हँडब्रेकचे बटण, काच पुसण्याचा दांडा, पावसात काचेवरचे धुके घालवण्याची कळ, एवढे शोधण्यासाठीसुद्धा निघण्यापूर्वी पंधरा मिनिटे मिळत नाहीत, कारण भेटीची वेळ आधीच ठरलेली असते. उंचीने लहान असलेल्या माणसाला मोठ्या गाडीत पेडलपर्यंत पाय नीट पोहोचतो की नाही, हेही कोणी पाहत नाही.

मैलाचा_दगड

निळीशाई ताई, हा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता. आमच्या पर्यवेक्षकांकडेही अशाच सामायिक गाड्या आहेत. त्यांचाही समावेश करावा लागेल.

घाटवळण

अवजड यांनी फरक शोधण्याबद्दल लिहिले, त्यावर एक उदाहरण देतो. हे विजेच्या गाड्यांत नव्याने आले आहे आणि चांगल्या चांगल्या चालकांना माहीत नसते.

विजेच्या गाडीत ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की मोटार उलटे काम करून वीज बनवते, बॅटरी भरते आणि गाडीचा वेग कमी करते. उतारावर याचा मोठा आधार मिळतो आणि ब्रेक तापत नाहीत. चालकाला दोन दिवसांत या आधाराची सवय होते, कारण नेहमीच्या रस्त्यावर तो कधी दगा देत नाही. आता समजा, चार्जिंगचे ठिकाण उताराच्या माथ्यावर आहे. बॅटरी काठोकाठ भरून गाडी खाली निघाली. भरलेल्या बॅटरीत आणखी वीज घालायला जागा नसते, म्हणून गाडी हा आधार आपोआप कमी करते. पाय काढला तरी गाडी रोजच्यासारखी ओढली जात नाही. एका चालकाबरोबर मी शेजारी बसलो असताना नेमके हेच झाले. त्याने पाय काढला, वाट पाहिली, पुन्हा पाय टेकवून काढला, आणि मग माझ्याकडे पाहिले. पडद्यावर खूण आलेली होती, पण तिचा अर्थ त्याला कोणी सांगितलेला नव्हता. मी त्याला लगेच ब्रेक लावून वेग उतरवायला सांगितला आणि पुढे रुंद जागा पाहून आम्ही थांबलो. तो चालक उत्तम होता. तो एकटा असता आणि गाडी भरलेली असती तर काय झाले असते, याचा विचार मी अनेकदा केला आहे.

ब्रेक सतत दाबून धरला की ड्रम तापतात आणि पकड कमी होते, हे जुन्या चालकाला ठाऊक असते. म्हणून तो खालच्या गियरवर आणि इंजिनाचा धूर अडवून वेग कमी करणाऱ्या एक्झॉस्ट ब्रेकवर उतरतो. नवीन गाडीत त्याच्या या शहाणपणाच्या जागी काय वापरायचे, हे त्याला सांगायला नको का?

न्यायतुला

घाटवळण यांच्या प्रतिसादावरून आणखी एक प्रश्न उभा राहतो. मालक म्हणजे नेमका कोण? आता अनेक ठिकाणी गाडी एकाची, चालक ठेकेदाराचा आणि मार्ग व वेळापत्रक तिसऱ्याचे, अशी विभागणी असते. ९ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत कुर्ला येथे भाडेतत्त्वावरील इलेक्ट्रिक बसला झालेल्या अपघातानंतर चालकांच्या प्रशिक्षणाचा आणि या भाडेतत्त्वाच्या पद्धतीचा प्रश्न सार्वजनिक चर्चेत आला होता. त्या प्रकरणात दोष कोणाचा, यावर येथे मत देणे उचित नाही. पण सर्वसाधारणपणे असे म्हणता येईल, की ज्याच्या करारात प्रशिक्षणाचे तास, शिकवणाऱ्याची पात्रता आणि तपासणीचा हक्क लिहिलेला नाही, तो करार अपुरा आहे. ठेकेदाराने पाहून घ्यावे असे एक वाक्य लिहून सेवा घेणाऱ्या संस्थेने नामानिराळे होऊ नये.

अनामवाटसरू

सगळी चर्चा वाचली. चालक म्हणून थोडक्यात लिहितो. प्रशिक्षण द्या, आम्हाला हवेच आहे. पण प्रशिक्षणाच्या दिवशी भत्ता मिळत नाही, फेरीचे पैसे बुडतात, म्हणून चालक स्वतःच "येते मला, द्या गाडी" म्हणतो. मग तुम्ही म्हणता, चालकालाच शिकायचे नव्हते. त्या दिवसाचे पूर्ण पैसे द्या, मग पाहा किती जण पुढे येतात.

दुसरीपाळी

अनामवाटसरू, हे मात्र मान्य करावेच लागेल. माझ्याकडेही प्रशिक्षणाच्या वेळेचे वेगळे पैसे धरलेले नाहीत. पुढच्या गाडीच्या खर्चातच ते धरायला हवेत, म्हणजे नंतर कोणाकडून वसूल करायचे हा प्रश्न राहणार नाही.

पुनर्नवा

आणि नकार देण्याचे काय? धागाकर्त्यांचा तिसरा प्रश्न मागे पडला आहे. "ही गाडी मला अजून जमत नाही" असे म्हणणाऱ्याची नोंद अकार्यक्षम म्हणून होत असेल, तर बाकीचे सर्व प्रशिक्षण वाया जाईल, कारण कोणीही खरे सांगणार नाही.

आकाशवाट

आमच्या क्षेत्रात त्रुटी आपणहून कळवणाऱ्यावर कारवाई होऊ नये, अशी व्यवस्था मुद्दाम घडवावी लागली. ती आपोआप आली नाही. वाहन विभागातही गाडी नाकारण्याचा निर्णय वाटप करणाऱ्या माणसाच्या मर्जीवर ठेवू नये. त्याच्यावर गाड्या वेळेवर सोडण्याचा ताण असतो. हा अधिकार प्रशिक्षकाकडे असावा.

मैलाचा_दगड

सर्वांचे मनापासून आभार. तुमच्या प्रतिसादांच्या आधारे मी व्यवस्थापनापुढे नवीन टिपण ठेवले आणि त्यावर चर्चा झाली. प्रत्येक नवीन प्रकारच्या गाडीसाठी जुन्या गाडीपेक्षा काय वेगळे आहे, याचा एक पानाचा तक्ता प्रशिक्षकाने चालकांसह बसून तयार करायचा, हे मान्य झाले. आधी मोकळ्या आवारात कमी वेगाचा सराव, मग प्रशिक्षक शेजारी बसवून रिकामी गाडी, मग भरलेली गाडी आणि तीही नेहमीच्या मार्गावर, असा क्रम ठरला आहे. किती तास हे आधी न ठरवता, प्रशिक्षक हात बसला असे लिहून देईपर्यंत चालकाला एकटे सोडायचे नाही. या काळात पूर्ण वेतन आणि भत्ता मिळेल. बदली चालकांचे नाव ज्या गाडीच्या यादीत नसेल ती गाडी त्यांना द्यायची नाही, हेही ठरले, आणि सामायिक गाड्या वापरणाऱ्या पर्यवेक्षकांसाठी छोटे सत्र होईल.

गाडी नाकारण्याच्या अधिकाराबद्दल मात्र अजून एकमत नाही. गैरवापर होईल अशी भीती काहींना वाटते. मी आग्रह सोडलेला नाही. दुसरा अडलेला मुद्दा असा, की विजेच्या ट्रकवर शिकवणारा माणूसच आमच्याकडे नाही.

घाटवळण

शिकवणारा बाहेरून आणलात, तरी तुमच्याच चालकांपैकी दोन-तीन जणांना त्याच्याबरोबर सुरुवातीपासून ठेवा. सर्वांत वेगाने चालवणारे निवडू नका; ज्यांच्या गाडीचे ब्रेक आणि टायर सर्वांत जास्त टिकतात ते निवडा. गॅरेजमधल्या फिटरला विचारलेत, तर तो नावे लगेच सांगेल.

अनामवाटसरू

आणि तो तक्ता गाडीतच ठेवा, कार्यालयात नको. अक्षरे मोठी असू द्या, म्हणजे रात्रीच्या पाळीला केबिनच्या दिव्यातही वाचता येतील.